आकडा सांगून पळणारी पोरं

माझी नणंद आणि मी एकाच घरात राहतो, एकाच शाळेत शिकवतो आणि भांडतोही दोन्हीकडे. मी गणिताची, ती खेळाची. भांडण गुरुवारच्या शेवटच्या तासावरून. चौथीची पोरं भागाकारात गटांगळ्या खातायत आणि ही बया त्यांना मैदानात पळवतेय! तो तास मला द्या म्हणून मी वर्षभर मुख्याध्यापिका बाईंचं डोकं खात होते.

पळवते म्हणजे कशी, तेही ऐका. पोरांना नुसतं "पळा" म्हटलं की ती कुत्रं मागे लागल्यासारखी सुटतात आणि दुसऱ्या फेरीला पोट धरून खाली बसतात. म्हणून ही आधी विचारायची, "एक फेरी किती सेकंदांत करणार?" पोरानं आकडा सांगायचा आणि घड्याळ न बघता बरोबर तेवढ्यात यायचं. आकड्याच्या सर्वांत जवळ जो येईल तो जिंकला. लवकर आला तरी हरला! चार महिन्यांत सगळी पोरं गप्पा मारत चार-चार फेऱ्या पळायला लागली. त्यात शिंप्याची मुंगी, एवढीशी काडी पोर, साठ म्हणाली की साठ.

शेवटी बाई वैतागल्या. नणंदेला म्हणाल्या, "शाळांच्या शर्यतीत तुमचं एक तरी पोर पहिल्या तिघांत आलं तर तास तुमचा. नाहीतर गणिताला."

नणंद आठवडाभर धड जेवली नाही. आणि खोटं कशाला बोलू, ती हरावी असंच मला वाटत होतं.

शर्यत चार फेऱ्यांची. इतर शाळांची अर्धी पोरं दुसऱ्या फेरीतच ढेपाळली. तिसरी फेरी संपली तेव्हा मुंगी सगळ्यांच्या पुढे! नणंदेनं माझा दंड असा आवळला की मी कळवळले.

मग मागच्या तीन मुलींनी जीव खाऊन जोर लावला. मुंगी आपली त्याच चालीनं चाललेली. पहिली पुढे गेली, दुसरी गेली. "अगं पळ की!" कोण ओरडलं म्हणता? मीच! मुंगीनं माझ्याकडे बघून हात हलवला. तेवढ्यात तिसरीही गेली.

मुंगी चौथी आली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. "बाई, आले ना बरोबर?" तिनं नणंदेला विचारलं.

नणंदेनं घड्याळ पाहिलं. साठ, साठ, एकसष्ट, साठ. "अगदी बरोबर गं," म्हणून तिनं पोरीची पाठ थोपटली. मग माझ्याकडे वळली. "वहिनी, शेवटी जोर लावायचा असतो, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. चूक माझी. तास घे तू."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंकडे गेले. "मला तो तास नको."

"अहो, वर्षभर माझं डोकं खाल्लंत!"

"खाल्लं. तरी नको."

बाईंनी चष्म्यावरून बघत पेन उचललं. मग त्यांनी वेळापत्रकात 'गणित' खोडून पुन्हा 'खेळ' लिहिलं.

नणंद बाहेरच उभी होती. "आणि भागाकार गं?"

"भागाकाराचं मी बघते," मी तिच्यावर खेकसले. "तू पोरांना शेवटची फेरी शिकव."