मामीच्या फोनमधली दुसरी बाई

माझा मामा टेलिफोन दुरुस्त करायचा, आणि आयुष्यात कधी आवाज चढवून बोलला नाही. दुकानात दिवसभर रिसीव्हर तोंडाशी धरून "हॅलो, हॅलो" म्हणायचं, तर घसा कशाला ताणायचा, हा त्याचा हिशेब. मामीचा कारभार उलटा. तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या मते सगळं जगच पुटपुटायला लागलं होतं. फोनवर तर ती अशी ओरडायची की आज आमच्याकडे कोणती भाजी आहे, ते समोरच्या इमारतीत कळायचं.

याचा फटका बसला तिच्या थोरल्या बहिणीला. "दर वेळी माझ्यावर खेकसतेस!" म्हणून ताईंनी एकदा फोन आपटला आणि पुढे करायचाच बंद केला. मामीचंही नाक वर. "मी कशाला करू?" पण फोन वाजला की हातातलं टाकून धावायची, आणि दुसराच कोणी निघाला की तोंड एवढंसं व्हायचं. मामाला ते बघवेना. मलाही बघवेना.

मग एका सकाळी मामाने घरचा रिसीव्हर उघडला आणि आत आवाज वाढवणारी आयसी बसवली. आठ पायांची, झुरळाच्या पिल्लाएवढी. मामीला म्हणाला, "साफ करतोय." तिला नीट ऐकू आलं की ती ओरडायची थांबेल, असा त्याचा बेत. जोडून झाल्यावर स्वतः कानाला लावून नेहमीसारखा पुटपुटला, खूश झाला, ताईंना फोन लावला आणि रिसीव्हर मामीच्या हातात कोंबला.

आता, फोनवर बोलताना आपला आवाजही थोडा आपल्याच कानात येत असतो. आयसीने तोही वाढवला होता. मामा पडला कुजबुजणारा माणूस, त्याच्या ते लक्षातच आलं नाही.

"ताई!" मामी गरजली आणि दचकली. "अगबाई, मध्येच ही कोण केकाटतेय? ओ बाई, ठेवा फोन! दोघी बहिणी बोलतायत, लाज नाही वाटत?" तेच शब्द कानात आदळले तशी ती आणखी भडकली. "उलट माझ्यावरच ओरडते! काय कर्कश बाई आहे!"

"अगं, दुसरं कोणी नाहीये," ताईंचा आवाज रिसीव्हरमधून खोलीभर आला. "ती तूच आहेस."

मामी मटकन खाली बसली. "मी... अशी बोलते?" हे तिने इतकं हळू विचारलं की मला पुढे वाकावं लागलं. मग तिने मामाकडे पाहिलं. "मला कमी ऐकू येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग सांगितलं का नाही?"

मामा पुटपुटला.

"काय?"

मामा तिच्या शेजारी टेकला. रिसीव्हर तिच्या कानालाच होता. त्याने वाकून खालच्या टोकाशी तोंड नेलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "सांगितलं होतं गं. खूपदा. तुला ऐकू आलं नाही."

मामीने डोळे पुसले.

"ताई," ती हळूच म्हणाली, "किती दिवसांनी ऐकला गं यांचा आवाज."