ड्रम भरेपर्यंतची प्रार्थना

मीरा-भाईंदरमध्ये माझ्याइतकी लांब प्रार्थना करणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. खोटं वाटत असेल तर आमच्या चर्चच्या मंडळीत कुणालाही विचारा. एकदा ख्रिसमसच्या जेवणाआधी मी प्रार्थनेला उभा राहिलो. सुरुवात केली तेव्हा बिर्याणीतून वाफा निघत होत्या, आणि आमेन म्हणालो तेव्हा समोरच्या पोरांना मिसरूड फुटलं होतं. तेव्हापासून पाळकसाहेब मला जेवणाआधी नाही, जेवणानंतर उभं करतात.

घरची प्रार्थना रोज पहाटे पावणेसहाला. “दिवसाची पहिली वेळ प्रभूची,” असं मी मंडळीत छाती काढून सांगायचो. खरं कारण हे, की मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगला पाणी तेव्हाच येतं. नळाला पाइप लावायचा, दुसरं टोक स्वयंपाकघरातल्या निळ्या ड्रममध्ये सोडायचं आणि हॉलमध्ये येऊन गुडघे टेकायचे. ड्रम भरायला वीस मिनिटं. काठोकाठ आला की पाण्याचा आवाज बदलतो. तो आवाज आला की मी आमेन म्हणून पळायचो.

आमच्याकडे रीत अशी, की घरच्या कर्त्याने आधी प्रार्थना करायची, मग बाकीच्यांनी. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून बाकीचे म्हणजे फक्त बायको. आणि माझी प्रार्थना निघायची पार जगाच्या टोकापासून. सगळे राज्यकर्ते, सीमेवरचे जवान, समुद्रावरचे खलाशी, भूकंपवाले, पूरवाले. मग गुजरातमार्गे महाराष्ट्रात, वसईवरून खाडी ओलांडून भाईंदर, केबिन रोडच्या गर्दीतून वाट काढत मीरा रोड. आता आपल्या बिल्डिंगचा जिना चढणार, तेवढ्यात ड्रम भरायचा. अशी कित्येक वर्षं गेली. आमच्या घरातलं काही देवाच्या कानावर गेलंच नाही, आणि बायकोची पाळी कधी आलीच नाही.

त्या महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. सोमवारची तारीख मिळाली.

“अहो,” ती म्हणाली, “या आठवड्यात सकाळी मला थोडा वेळ द्या ना. मलाही बोलायचंय.”

“कुणाशी?”

“तुमच्याशी नाही. देवाशी.”

“अगं, मग बोल की! तुला कुणी अडवलंय?”

“खलाश्यांनी,” ती म्हणाली.

मी खूप हसलो. ऑफिसातही चौघांना सांगितलं. सोमवारी रजा टाकू का, असं मात्र विचारलं नाही. अर्ध्या तासाचं काम, शेजारच्या ताई जातील सोबत, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

शुक्रवारी मी नेहमीसारखा जगप्रवासाला निघालो आणि कसाबसा वसईपर्यंत आलो. श्वास घ्यायला थांबलो, तेवढ्यात बायको सुरू झाली. रीत मोडून, मध्येच.

“प्रभू, सोमवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.”

आत पाण्याचा आवाज बदलला. मी एक गुडघा उचलला.

“सगळ्यांना मी सांगितलंय की काही नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. पण मला फार भीती वाटते. माझ्या आईला शेवटची चार वर्षं काही दिसत नव्हतं. ती हाताने चाचपडून माझं तोंड ओळखायची.”

ड्रम वाहायला लागला. मी तसाच, एक गुडघा खाली आणि एक वर, धावण्याच्या शर्यतीत शिट्टीची वाट बघणाऱ्यासारखा.

“यांना सांगितलं तर हे हसण्यावारी नेतील. म्हणून तुला सांगते. हे बाजूलाच बसलेत, ऐकलं तर ऐकू दे. मला एकटीला जायचं नाही.”

मी उचललेला गुडघा खाली टेकला.

पुढे काय झालं ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, फेकतोय. पाणी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलं. माझ्या चपला माझ्यासमोरून दाराकडे निघाल्या, डावी पुढे, उजवी मागे. दाराखालून पाणी जिन्यात उतरलं. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकी बेल दाबून ओरडायला लागल्या, “अंकल! आपका पानी नीचे आ रहा है! सो गये क्या?”

“जा,” बायको डोळे मिटूनच पुटपुटली.

“तुझं होऊ दे,” मी म्हणालो.

तिचं व्हायला अजून पाच मिनिटं लागली. आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं, आणि ती दुसऱ्याच्या प्रार्थनेची! मंडळीतल्या लोकांवर मी आजवर काय काय लादत आलो होतो, ते मला तेव्हा कळलं. नंतर मी चारही मजल्यांचा जिना पुसून काढला. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली ती वेगळीच.

शनिवारपासून आम्ही प्रार्थनेला पाच वाजता बसायला लागलो. पाण्याचं पाण्याच्या वेळेला. आधी ती, मग मी. ती सगळं तीन-चार वाक्यांत सांगून मोकळी होते, मग मला बोलायला काही उरत नाही, हा एक नवीनच त्रास झालाय.

सोमवारी रजा टाकली. दवाखान्यात आत नेताना तिने बांगड्या आणि चष्मा माझ्या हातात दिला.

“तुम्ही इथेच बसणार?”

“इथेच.”

“काय करणार बसून?”

“तुला माहीत आहे काय करणार ते.”

ती दारापर्यंत गेली आणि परत फिरून बाकावरच्या बाकी पेशंटांकडे बघत हळूच म्हणाली, “मोठ्याने नको हं. या लोकांनाही घरी जायचंय.”