सांगकाम्या हा शब्द खोडल्यावर

सातारा सोडताना पिशवीत बहिणीचे हस्तलिखित होते. मालू पुण्यात संगणकावर काम करायची. तीन महिन्यांपूर्वी वारली. माणसासारखे कुठलेही काम समजून करणारे यंत्र घडवण्याचा खटाटोप परदेशात चालला आहे, तो गावाकडच्या माणसांना कळावा म्हणून तिने ही पाने लिहिली होती. ती छापून यावीत, एवढेच काम माझ्याकडे उरले होते.

कऱ्हाडला उतरलो तेव्हा हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास होता. पुस्तिका छापायचे कबूल केलेल्या प्राध्यापकांनी आधी पाठवलेली प्रत लाल शाईने भरून हातात दिली. मालूने लिहिले होते, "आजचे यंत्र सांगकाम्या आहे. बुद्धिबळ खेळ म्हटले की खेळेल; घर पेटले तरी खेळतच राहील." 'सांगकाम्या' खोडून वर 'पूर्वनिर्देशित क्रियाकारी प्रणाली' असे लिहिले होते. घर पेटल्याचे वाक्य तर गाळूनच टाकले होते.

"फार सोपं झालंय हो. संशोधन वाटत नाही," ते म्हणाले. "असं छापायचं, नाहीतर राहू द्या."

मी रागावलो. दोन्ही प्रती पिशवीत कोंबून विट्यावरून जतला जाणारी गाडी धरली.

विट्याच्या पुढे टायर पंक्चर झाले. दीड तास बाभळीखाली बसलो. ऊस केव्हाच मागे राहिला होता. समोर माळ, ज्वारीची धाटे आणि टँकरची वाट पाहत ओळीने ठेवलेल्या घागरी. घागरींजवळ बसलेल्या या बायांना क्रियाकारी प्रणाली सांगायची? मालूच्या मागे तिच्या तोंडचा शब्द खोडायचा अधिकार या माणसाला कोणी दिला?

जतजवळच्या एका शाळेत वाचून दाखवायचे मालूने कबूल केले होते. तिच्या जागी मी गेलो. मुख्याध्यापकांनी आधी भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) खायला घातले. मग गावकरी जमले. प्राध्यापकांवर अन्याय नको म्हणून मी आधी त्यांची प्रत वाचली. पान संपले तसे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आवं गुरुजी, ह्ये कानडी हाय व्हय?"

"न्हाई आबा," शेजारचा म्हणाला, "कानडी आपल्याला कळतंय की!"

हशा पिकला. मी मालूची प्रत काढली. आता माना हलू लागल्या. मेंढरे राखणारी बायक्का म्हणाली, "म्हंजी आमचं कुत्रं सांगकाम्या न्हाई. लांडगा आला की न सांगता धावतंय."

"तसलंच यंत्र करायचं चाललंय," मी म्हणालो.

"करूंद्यात की. पर कुत्रं माझ्या शिट्टीला थांबतंय. त्ये यंत्र कुणाच्या शिट्टीला थांबंल?"

मी तिचा प्रश्न प्रतीच्या मागे लिहून घेतला.

परतताना कऱ्हाडला उतरून मी प्राध्यापकांना सांगितले, एकही शब्द बदलणार नाही. "मग आम्ही छापणार नाही," ते म्हणाले. मी नमस्कार करून निघालो.

साताऱ्यात आता मी स्वतःच पुस्तिका सायक्लोस्टाइल करायला स्टेन्सिल कापतो आहे. राग अजून गेलेला नाही. लाल शाईतली प्रतच छापली असती, तर बायक्काला काही कळले नसते, तिने काही विचारलेही नसते; आणि तिला न विचारताच ते यंत्र एक दिवस तिच्या दारात येऊन उभे राहिले असते. मालू असती तर तिने उत्तर शोधायला घेतले असते. मला ते जमणार नाही. म्हणून शेवटी एक पान जोडले आहे. वर बायक्काचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला आहे आणि खालची जागा कोरी ठेवली आहे.