राखीव फळीतले डॉक्टर लिमये

डॉक्टर लिमये कुठल्याही दारातून सगळ्यांत शेवटी आत जात. लग्न असो, मंडळाची सभा असो, नाही तर इथल्या, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या, आमच्या कोपऱ्यावरचं चिप्सचं दुकान असो. ते दार धरून उभे राहत, आणि सगळे आत गेले की मग स्वतः येत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला, एका शाळेच्या हॉलमध्ये. जेवणाच्या रांगेत मी शेवटचा होतो. माझ्या मागे एक उंच, किडकिडीत, टाय लावलेले गृहस्थ येऊन उभे राहिले.

"काका, तुम्ही पुढे व्हा ना," मी म्हणालो.

"नको. मी राखीव."

आम्ही टेबलापाशी पोचलो तेव्हा श्रीखंड संपलं होतं. राखीव फळीच्या वाट्याला काकडीची कोशिंबीर आली. ती त्यांनी समाधानाने खाल्ली.

ते मूळचे सांगलीचे. तरुणपणी इथल्या एका हॉस्पिटलमध्ये आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. भूलतज्ज्ञ. "सर्जनला पेशंट वाइनची बाटली आणून देतात," ते सांगत. "मला कोण देणार? माझी ओळख होते तोवर पेशंट झोपलेला असतो. पण एक लक्षात ठेव. सर्जन बेधडक पुढे जातो, कारण पेशंटच्या उशाशी एक माणूस काही न करता बसलेला असतो. काही न करता बसणं हे फार कष्टाचं काम आहे."

निवृत्तीनंतर या माणसाला नेपोलियनच्या काळातला एक इंग्रज घोडदळाचा जनरल भेटला. जवळच्या एका गावात, बाजारचौकात, त्याचा पुतळा आहे. घोड्याचा एक पाय हवेत, जनरलचा हात हवेत, आणि टोपीवर कायम एखादं कबूतर. खाली त्याच्या विजयाबद्दल चार भारदस्त ओळी. त्यांच्या पत्नी नलिनीकाकू खरेदीला जात तेव्हा डॉक्टर पिशव्या सांभाळत त्या पुतळ्यासमोर बसायचे. बसून बसून कंटाळले आणि लायब्ररीतून जनरलचं चरित्र घेऊन आले.

त्या काळच्या रीतीप्रमाणे जनरलची सैन्यातली जागा वडिलांनी विकत घेऊन दिली होती. कोवळ्या वयात तो हिंदुस्थानात मराठ्यांशी लढला, मग स्पेनमध्ये फ्रेंचांशी. तिथे इंग्रज सैन्य माघार घेत असताना त्यानं सगळ्यांच्या मागे राहून पिछाडी सांभाळली, आणि त्यावरच त्याचं नाव झालं. शेवटच्या मोठ्या लढाईत सगळं घोडदळ त्याच्या हाती आलं. तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. पहिल्या फळीच्या पुढे तो स्वतःच तलवार उपसून निघाला. शत्रूची रांग मोडली, पण उधळलेले घोडे थांबेनात. मदतीला राखीव फळी येतेय का म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. राखीव फळी हुकमाची वाट पाहत जागच्या जागी उभी होती, आणि हुकूम देणारा पुढे निघून गेला होता. तो एकटाच, सावकाश, मैदान ओलांडत परतला; त्याच्याबरोबर गेलेले मागाहून विखरून आले, आणि निम्मे आलेच नाहीत. पुतळ्याखालच्या चार ओळींत हे नाही. ही चूक जनरलनं म्हातारपणी स्वतः कबूल केली होती, हेही नाही.

"जन्मभर मागे थांबून नाव कमावलं," डॉक्टर म्हणायचे, "आणि एका दुपारी पुढे जाऊन पुतळा मिळवला."

मंडळात हे कळल्यावर टोमणे सुरू झाले. "डॉक्टर, तो आपल्याशी लढला आणि तुम्ही त्याची पूजा करता?"

"पूजा नाही हो. पोस्टमॉर्टेम."

"पण लिमये आणि घोडदळ? तुमचे पूर्वज होते का घोड्यावर?"

"आमचे पूर्वज फार तर निघायचा मुहूर्त सांगत."

त्या गावात दर उन्हाळ्यात ही लढाई पुन्हा लढली जाते. हौशी लोकांची एक सोसायटी हा खेळ भरवते. पिसांच्या टोप्या, सोनेरी गोंडे, छातीवर न मिळालेली पदकं, आणि कडेला बर्गरची गाडी. चेअरमन ग्रॅहम बरीच वर्षं स्वतःच जनरल व्हायचा. डॉक्टर सभासद झाले तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, "You'd make a lovely surgeon!" आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाला, "रंगाचा काही प्रश्न नाही हं." डॉक्टरांनी काही उन्हाळे फौजेचा सर्जन होऊन लाकडी पाय कापले. मग एक दिवस घरी जाहीर केलं की ते घोड्यावर बसायला शिकणार.

"गुडघे तुमचे, कंबर तुमची," नलिनीकाकू म्हणाल्या. "घोड्याला तरी विचारलंत का?"

पहिल्याच हिवाळ्यात ते पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. मी भेटायला गेलो तेव्हा हात झोळीत होता.

"झालं समाधान?" काकू चहा ठेवत म्हणाल्या.

"पडायचं कसं ते आलं," डॉक्टर म्हणाले. "आता बसायचं तेवढं राहिलं."

हाड जुळल्यावर ते परत गेले. पाऊस असो, बर्फ असो, दर शनिवारी तबेल्यात. पुढे ग्रॅहमचे गुडघे त्याच्या घोड्याच्या आधी निवृत्त झाले, आणि सोसायटीत नीट घोडदौड येणारा एवढा उंच माणूस दुसरा नव्हता. डॉक्टर लिमये जनरल झाले. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तलवारींचे इमोजी आले. जे पूजा म्हणून हिणवत होते त्यांचेच जास्त.

खरी लढाई त्यानंतर झाली, ग्रॅहमच्या स्वयंपाकघरात. माइकवरची कॉमेंट्री त्यांनी माझ्या गळ्यात घातली होती, म्हणून मीही होतो.

"हल्ल्यानंतर मी एकटा परत येणार," डॉक्टर म्हणाले. "सावकाश. मैदानभर. बँड नाही, टाळ्या नाहीत."

"लोक charge बघायला येतात, डॉक्टर. Charge झाला की बँड, विजयाची घोषणा, आणि मग चहा."

"चहा थांबेल."

"Families असतात! त्यांना काय दाखवायचं, एक म्हातारा घोड्यावरून घरी चाललाय?"

"हो. तेच घडलं होतं."

"दर वर्षी आम्ही असंच करतो."

"दर वर्षी तुम्ही पुतळा करता, ग्रॅहम. मला माणूस करायचाय. नाही तर तुझी टोपी परत घे."

ग्रॅहमनं 'बघू' म्हणून विषय बंद केला. 'बघू'चा अर्थ या देशात काय होतो ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाडीत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, "बँडवाल्यांशी मी बोलतो. ते तुझ्या घोषणेनंतर सुरू करतात. तू फक्त माइक बंद ठेव."

"आणि ग्रॅहम?"

"तो ओरडेल. त्याला ओरडू दे."

लढाईच्या दिवशी ढग होते, पण पाऊस नव्हता. गोंड्यांना हसत आलेला मी, डॉक्टर तलवार उंचावून निघाले तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. जमीन हादरत होती. घोडे मैदानाच्या टोकाच्या झाडीमागे गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ग्रॅहम माझ्या कानाशी पुटपुटला, "Now. आता बोल."

मी माइकचं बटण खाली ढकललं. ग्रॅहम ओरडला. बँडवाले माझ्या घोषणेची वाट पाहत राहिले.

मग झाडीतून एकच घोडा आला. चालत. डॉक्टरांच्या डोक्यावर टोपी नव्हती, तलवार खाली लोंबत होती. मैदानाच्या मध्यावर ते थांबले आणि वळून पाहिलं. पुन्हा निघाले, पुन्हा वळून पाहिलं. टाळ्या आपोआप विरल्या. बर्गरच्या गाडीवरच्या माणसानंही रेडिओ बंद केला. दोरीपाशी बसलेली एक म्हातारी बाई मोठ्यानं म्हणाली, "Where's the rest of them?"

डॉक्टरांनी घोडा थांबवला. "हेच त्यानंही विचारलं होतं, मॅडम," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

त्या वर्षी चहा उशिरा झाला. ग्रॅहम माझ्याशी बोलला नाही. डॉक्टरांच्या घोड्याचा लगाम मात्र त्यानंच धरला, आणि ते उतरेपर्यंत सोडला नाही. पुढल्या वर्षी कार्यक्रमात परतीचा प्रसंग अधिकृतपणे ठेवला गेला. ती कल्पना आपलीच, असं ग्रॅहम पाहुण्यांना सांगायचा. डॉक्टरांनी कधी दुरुस्ती केली नाही.

अजून काही उन्हाळे ते परत येत राहिले. मग हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "सर्जन कोण ते मी विचारलंच नाही. उशाशी कोण बसणार ते विचारलं. चांगली मुलगी आहे, कमी बोलते." तिनं आपलं काम चोख केलं असणार. सर्जननंही केलं. हृदयानं मात्र चार दिवसांनी हुकूम मानायचं सोडलं.

क्रिमेटोरियमच्या दारात पेच पडला. आत कुणी जाईना. मी दार धरून मंडळाच्या लोकांना पुढे व्हा म्हणत होतो; ते ग्रॅहमला म्हणत होते; ग्रॅहम जनरलची टोपी काखेत धरून "After you, after you" करत मागे सरकत होता. सगळ्यांनाच शेवटी जायचं होतं. तिथला काळ्या कोटातला माणूस घड्याळ बघायला लागला, कारण आमच्यानंतर दुसरं कुटुंब होतं.

नलिनीकाकू हे सगळं बघत बाजूला उभ्या होत्या. मग त्यांनी शाल सारखी केली.

"अरे, सगळेच राखीव राहिलात तर पुढे जायचं कुणी?"

आणि त्या आत निघाल्या. आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो. शवपेटीपर्यंतच्या त्या वाटेवर काकूंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.