जिभेची नळी झाली आणि माझी दातखीळ बसली

हसणार नसाल तर सांगते. काय आहे, मी शेवगावच्या एका नर्सिंग कॉलेजात जेनेटिक्स शिकवते. आणि परवा अशी काही अक्कल पाजळलीय, की काय सांगू!

दुपारचा तास. मुली पेंगत होत्या. म्हटलं, जरा गंमत करू. "काढा गं जिभा बाहेर! कडा वर वळवून नळी होते का बघा."

चाळीस भावी नर्सबाई, जिभा काढून! काहींची नळी झाली, काहींची नाही. मी टेबलावर हात आपटून ठणकावलं, "आईवडील दोघांचीही वळत नसेल, तर मुलांची वळूच शकत नाही! घरच्यांच्या जिभा बघून या."

हे मी शिकत असताना पाठ केलेलं. पुन्हा पुस्तक कोण उघडतंय?

दुसऱ्या दिवशी अर्चना आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, ती आई, वडील आणि आजीला घेऊन. आईचे डोळे रडून सुजलेले.

वडील दारातूनच म्हणाले, "म्याडम, माझी जीभ वळत न्हाई, हिची वळत न्हाई. पोरीची वळती. मग पोरगी कुनाची हाय?"

"मला पैल्यापास्नं डाऊट हुता," आजी म्हणाली. "वीस वर्सं गप बसले!"

"आत्याबाई, देवाला तरी भ्या वो!" अर्चनाची आई सासूवर कडाडली आणि पुन्हा रडायला लागली.

माझ्या एका वाक्यापायी त्या बाईचा संसार मोडायला निघालेला! लायब्ररीत पळाले, नवं पुस्तक उघडलं. स्वच्छ लिहिलं होतं: हा नियम खरा नाही. आईवडिलांची वळत नसली तरी मुलांची वळू शकते.

अख्ख्या वर्गासमोर हात जोडले. "ताई, चूक माझी. जिभेवरून काहीही ठरत नाही. मी जुनं पाठांतर ओकले."

वडिलांनी सुस्कारा सोडला. "तरी मी म्हनत हुतो!"

"तुमी कवा म्हनत हुता?" आई फणकारली. पण डोळे पुसले तिने. मला केवढं हायसं वाटलं!

आजी मात्र हलेना. "पुस्तकात कायबी लिवत्यात. तुमची वळती का जीभ?"

प्रयत्न केला. नाही वळली.

"मालकांची?"

कोण जाणे! लग्नाला दहा वर्षं झाली, पण नवऱ्याची जीभ अशी कधी तपासली नव्हती.

"मग लावा की फोन!"

लावला व्हिडिओ कॉल. नवरा सुट्टीमुळे घरीच होता. बिचाऱ्याने मुकाट्याने जीभ काढली. पाटासारखी सपाट! तेवढ्यात आमची पाच वर्षांची चिंगी "मी पण, मी पण!" करत मध्ये घुसली आणि तिने इतकी देखणी नळी केली, की वर्गाने टाळ्या वाजवल्या.

आजीने पदर सावरला. "आता तुमच्या सासूला इचारा."

विचारायचं कसलं! सासूबाई नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावून सगळं ऐकत होत्या.

"सूनबाई," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "येताना ते नवं पुस्तक घेऊन ये हं. मलाही वाचायचंय."