सुट्टीचं कारण

आमच्या घरात पंचांग नव्हतं, पण युनियनची पत्रकं ढीगभर होती. वडील ती कारखान्याच्या गेटवर वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. त्यामुळे जगातला कुठलाही अन्याय एका पानात, ठळक मथळ्याखाली मावतो, अशी माझी खात्री होती. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं, नाशकात खोली घेतली, तरी ती खात्री कायम होती.

खोलीत माझ्यासोबत राहणारी मैत्रीण द्राक्षांवरच्या भुरी रोगावर संशोधन करत होती. निफाडच्या एका बागेत तिने तुलनेसाठी चार ओळी मुद्दाम न फवारता ठेवल्या होत्या. तिथे रोग वाढू द्यायचा आणि मोजायचा. बागवाल्या काकांनी ते काही दिवस कसंबसं सोसलं आणि ती नसताना चारही ओळींवर औषध मारून टाकलं.

"पोरी, लय हाल चालले व्हते त्यांचे. माझ्याच्यानं बघवंना," काका म्हणाले आणि वर तिला चहा पाजला.

हंगाम वाया गेला. "पुढच्या हंगामात करू," असं म्हणून गाईडनी लगेच प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणाचं विचारलं. पहिल्यांदा तिने हे सगळं हसत सांगितलं. मग हळूहळू हसणं थांबलं. झोप उडाली, जेवणाचा डबा भरलेलाच परत जाऊ लागला. घरच्यांना मात्र फोनवर "मजेत आहे!" एक दिवस म्हणाली, "सोडते मी पीएच.डी. मला नाही जमत."

मी पेटलेच. एका दुपारी बसून पत्रक लिहून काढलं. गाईड कामाची चौकशी करतात, माणसाची करत नाहीत. प्रयोग फसणं हा गुन्हा नाही. संशोधकांचं मन सांभाळणं ही विद्यापीठाची जबाबदारी आहे. यातला एक शब्दही मी आजसुद्धा मागे घेणार नाही. मथळा होता, 'संशोधकांनो, जागे व्हा!'

तिने तो वाचला. "अगं बाई, दोन आठवडे डोळ्याला डोळा नाही माझ्या. अजून किती जागी होऊ?"

आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता ती रडायलाच लागली.

"मी काय करू, सांग," मी म्हटलं.

"डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. मनाच्या. आणि रिक्षात भाषण नको."

द्वारका चौकाजवळ, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो दवाखाना होता. ती स्कार्फमध्ये तोंड लपवून शांत बसलेली, मी येरझाऱ्या घालतेय. कंपाउंडर मलाच म्हणाला, "ताई, बसा. सगळे बरे होतात इथे." डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि महिनाभर काम बंद करायला सांगितलं.

म्हणजे गाईडना सांगणं आलं. ते बिथरले तर पीएच.डी. तिथेच संपणार होती.

"कावीळ झाली म्हणते," विभागाचा जिना चढताना ती म्हणाली.

"तू ठरव," मी म्हटलं. एवढंच बोलून थांबणं मला फार जड गेलं.

गाईडच्या केबिनमध्ये तिने सुट्टी मागितली. सरांनी मान वर न करता विचारलं, "कारण?"

"सर, मला कावी..." ती थांबली. "मन बरं नाही, सर. गोळ्या चालू आहेत."

सरांनी चष्मा काढला. मग विचारलं, "झोप लागते का?"

"नाही, सर."

"मग घरी जा. प्रकरणाचं नंतर बघू." चष्मा पुसत म्हणाले, "अर्जात 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहा. ऑफिसला तेवढं पुरतं."

"लिहिते, सर. तुम्हाला खरं माहीत असलं म्हणजे झालं."

बाहेर व्हरांड्यात शेजारच्या प्रयोगशाळेतला एक संशोधक घुटमळत होता. उघड्या दारातून त्याने सगळं ऐकलं असणार.

"त्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल?" त्याने हळूच विचारलं. "एका मित्रासाठी हवाय."

तिने स्कार्फ सोडून खांद्यावर टाकला. "संध्याकाळी गर्दी असते. मित्राला म्हणावं, सकाळी जा. आणि एकटा जाऊ नकोस."