कडी नसलेली गाडी

प्लायवूडच्या डिंकाचा वास आला की कॉलेजातलं पहिल्या वर्षाचं प्रदर्शन आठवतं. आम्ही प्लायवूडची, भविष्यातली गाडी बनवली होती. तिला स्टिअरिंग नव्हतं, कडी नव्हती, दार विजेवर आपोआप उघडायचं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून बाबा शिरोलीच्या फाउंड्रीतून सुट्टी काढून आले होते. मी आत बसून दार लावलं आणि लाईट गेली. बाबा काचेला तोंड लावून ओरडले, "कडीच न्हाय व्हय रं? मोडू काय दार?" परीक्षक यायचे होते, दार मोडलं तर सगळंच गेलं असतं. श्वास कोंडत होता, तरी मी हसून मान हलवली, नको. "पोरगं मजेत हाय आत," बाबा लोकांना सांगू लागले. बऱ्याच वेळाने लाईट आली. आता ते फोनवर विचारतात, "अभ्यास जड जातोय काय रं?" मी पटकन नाही म्हणतो.